पुढचा शॉकअप आणि आपलं काम
(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्या मैत्रिणींसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मैत्रिणींनो,

कार्यक्रमपत्रिकेत कायदा आहे, पंचायत आहे, आरोग्य आहे आणि त्यांच्या मध्येच 'गाडीचा शॉकअप' आहे. काही जणींना हसू आलं असेल. पण आपल्या कामाचा हिशोब मांडून बघा. लोहा, कंधार, मुखेड, अहमदपूर, औसा, निलंगा या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवर एसटी कधी येते, कधी येत नाही. मारहाण झालेल्या बाईचा निरोप मात्र संध्याकाळीच येतो. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ मध्ये झाला, २००६ पासून लागू झाला. पण त्या बाईपर्यंत पोचायचं कशावर? संस्थेची नाहीतर घरातली जुनी मोटारसायकल, हेच आपलं साधन. ती धड नसेल तर कायदा कागदावरच राहतो.

आता कुणी म्हणेल, गाडी चालवू, पण दुरुस्ती हे काही बाईचं काम नव्हे. याला आपल्याच भागानं उत्तर दिलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. त्यानंतर घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीकरणाचा मोठा कार्यक्रम झाला. स्वयम् शिक्षण प्रयोगाच्या पुढाकारानं लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, गावोगावच्या बाया संवाद सहायक झाल्या. भिंतीला बांधणारा आरपार दगड कुठे हवा हे त्या शिकल्या आणि गवंड्यासमोर उभ्या राहून काम तपासू लागल्या. ज्या बाईला गवंड्याला प्रश्न विचारता येतो तिला मेकॅनिकलाही विचारता येतो. त्यासाठी आधी वस्तू कळली पाहिजे.

पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन पाय असतात, त्यांना गॅरेजमध्ये शॉकअप म्हणतात. बुलेट, येझदी, १९८५ ची सीडी हंड्रेड, १९९४ ची स्प्लेंडर, सगळ्यांची मूळ रचना एकच. वर चकचकीत पाईप, तो खालच्या जाड नळीत म्हणजे बॉटम केसमध्ये वर-खाली सरकतो. आत स्प्रिंग आणि ऑइल. स्प्रिंग धक्का झेलते. पण नुसती स्प्रिंग असती तर गाडी नाचतच राहिली असती. ऑइल बारीक भोकांतून जाताना तो नाच थांबवतं. हे ऑइल आत अडवून धरतं एक रबरी कडं, त्याचं नाव ऑइल सील.

आपल्याकडे सील लवकर जातं. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, म्हणून तिच्यावरचा रस्ता खचतो, खड्डे पडतात आणि शॉकअपला सतत मार बसतो. शिवाय पाईपवर वाळलेला चिखल सीलची कड कापतो. सील गेलं की ऑइल बाहेर येतं, धूळ आत जाते. ब्रेक दाबल्यावर भार पुढच्या चाकावर येतो. शॉकअपमध्ये ऑइल नसेल तर चाक उसळतं, टायर रस्ता सोडतो आणि ऐन वेळी ब्रेक धरत नाही. गळलेलं ऑइल ब्रेकच्या लायनरपर्यंत गेलं तर धोका आणखी वाढतो. मागे बसलेली बाई लेकरासह असते, हे विसरू नका.

तपासणी पाच मिनिटांची. पाईपवर रबराची घडी असेल तर ती वर सरकवा. पाईप फडक्यानं कोरडा पुसा. गाडीवर बसा, पुढचा ब्रेक धरा आणि हँडल जोरानं दहा वेळा खाली दाबा. पाईपवर ऑइलचं ओलं कडं दिसलं तर सील गेलं. दाबताना खाली 'ठक्' वाजलं, किंवा सोडल्यावर गाडी दोन-तीनदा उसळली, तर ऑइल कमी आहे किंवा पार पातळ झालंय. मग गाडी मधल्या स्टँडवर घ्या, पुढचं चाक अधांतरी ठेवा आणि दोन्ही पाय खालून धरून मागेपुढे हलवा. खटखट वाजलं तर दोष बहुधा हँडलच्या कोन सेटमध्ये आहे. हा फरक कळला नाही तर एका दुखण्यावर दुसऱ्याचं औषध होतं.

आता काम. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, इंजिनखाली भक्कम लाकडी ठोकळा ठेवा. चाक काढण्याआधी शॉकअपचे वरचे बोल्ट थोडे सैल करा, नंतर पाय हातात फिरतो आणि बोल्ट सुटत नाही. चाक आणि मडगार्ड काढून पाय खाली ओढून घ्या. वरचा बोल्ट पूर्ण उघडताना तोंड बाजूला ठेवा आणि वरून दाब द्या, कारण खाली स्प्रिंग दाबलेली असते. जुनं ऑइल डब्यात काढा, पाईप वर-खाली करून निथळू द्या. नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. खालचा ॲलन बोल्ट काढला की पाईप आणि नळी वेगळी होतात. वरची क्लिप काढून जुनं सील उचकटा, पण नळीच्या कडेला चरा पडू देऊ नका.

इथे थांबून पाईप बघा. तो काचेवर लोळवा. डुगडुगला तर वाकलाय. बोटाला गंजाचे खड्डे लागले तर नवं सील घालून उपयोग नाही, ते थोड्याच दिवसांत पुन्हा फाटेल. 'दर पावसाळ्यात सील बदलतो तरी गळतंच' अशी तक्रार असते तेव्हा अनेकदा कारण हेच असतं.

नव्या सीलच्या आतल्या कडेला ऑइल लावा. अक्षरांची बाजू वर, बारीक स्प्रिंगची बाजू आत. त्यावर जुनं सील ठेवून हलक्या हातानं सरळ बसवा. ॲलन बोल्टखालचं तांब्याचं वायसर नवं घ्या. ऑइल शॉकअपचंच, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलं. दोन्ही पायांत अगदी सारखं, मिलीलीटरमध्ये मोजून. बाळाच्या दुधाची टाकाऊ बाटली मापाला उत्तम, मात्र ती पुन्हा घरात वापरायची नाही. जोडल्यावर चाक मोकळं फिरतंय आणि ब्रेक धरतोय हे पाहूनच रस्त्यावर जा. लायनर ऑइलनं भिजले असतील तर बदला.

प्रत्येकीनं हे स्वतः करावं असा माझा आग्रह नाही. गॅरेजमध्ये जाऊन करून घेतलं तरी चालेल. पण गॅरेजात बाईला ऐकावं लागतं, "ताई, साहेबांना पाठवा." तिथून परत फिरू नका. जुनं सील हातात मागा, पाईप दाखवायला सांगा, किती ऑइल घातलं ते विचारा, बिल घ्या. जाणती बाई समोर उभी असली की कामही जाणतेपणानं होतं.

शेवटी संस्थांना दोन गोष्टी. आपल्या अंदाजपत्रकात पेट्रोलला रक्कम असते, देखभालीला नसते, आणि मग सील-ऑइलचा खर्च कार्यकर्तीच्या मानधनातून जातो. देखभालीचा वेगळा रकाना घाला. दुसरं म्हणजे गाडीची कागदपत्रं. पंधरा वर्षांनंतर नोंदणी नव्यानं करावी लागते आणि तेव्हा गाडी तपासतात. अनेक जणींची गाडी नवऱ्याच्या नावावर असते आणि भांडण झालं की पहिल्यांदा किल्ली काढून घेतली जाते. म्हणून जिथे शक्य आहे तिथे गाडी बाईच्या नावावर असू द्या.

जेवणानंतर अंगणात एक जुनी गाडी ठेवली आहे. पाने आहेत, फडकी आहेत. चौघी-चौघींचे गट करा. प्रत्येक गटानं आधी तपासणी करायची आणि दोष काय ते सगळ्यांसमोर सांगायचं. मग खोलायला घेऊ.