दस्ता आपल्या मापाचा



आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. आज बोलायचं आहे छऱ्याच्या बंदुकीबद्दल, म्हणजे एअर रायफलबद्दल. जत्रेत फुगे फोडायला असते ना, तिचीच ही थोरली बहीण. आमच्या भागातल्या बचत गटांमधल्या आम्ही सहाजणी महिन्यातले दोन रविवार दुपारी एकीच्या शेतात जमतो आणि कागदावर नेम धरतो. दोन रायफली आहेत, त्या आम्ही स्वतःच्या पैशातून वर्गणी काढून घेतल्या. गटाच्या बचतीला हात लावलेला नाही, हे आधीच सांगते.

"बायकांना ही कसली हौस?" असं पुष्कळांनी विचारलं. पुरुष पारावर पत्ते खेळतात, तेव्हा त्याचा उपयोग काय असं कुणी विचारत नाही. आणि बायकांना नेम जमतो की नाही, ते कोल्हापूरला विचारा. तिथल्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर रायफल प्रकारात जगज्जेत्या झाल्या. तिथल्याच राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं. आम्हाला पदक नको, पण हा खेळ आपला नाही असं मात्र कुणी म्हणू नये.

आमच्या रायफली स्प्रिंगच्या आहेत. नळी मोडून खाली ओढली की आतली जाड स्प्रिंग दबते आणि खटक्यावर अडकते. छर्रा भरायचा, नळी बंद करायची. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, समोरची हवा दाबली जाते आणि ती हवा छर्रा ढकलते. दारू नाही, धूर नाही. पण छर्रा नळीबाहेर पडायच्या आत दट्ट्याचा हिसका बसतो. म्हणून ही रायफल गच्च आवळायची नाही. काठोकाठ भरलेली वाटी तळहातावर तोलतो, तशी हलकी धरायची, आणि दर वेळी तशीच.

सुरुवातीला आमच्यातल्या चौघींचा नेम लागेना. हात थरथरायचे, मान अवघडायची. "बायकांच्या अंगात जोर नाही," असं बघणारे म्हणाले. खरं कारण दस्ता होता. बाजारातला दस्ता उंच माणसाच्या मापाचा, साधारण १४ इंचांचा. माप घ्यायची रीत सोपी आहे. कोपर काटकोनात वाकवायचं आणि कोपराच्या खोबणीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत टेप धरायची. आमच्यात सगळ्यात ठेंगणीचं माप भरलं १२ इंच. मग ती दोन इंच लांब दस्ता कसा पेलणार?

आम्ही गावच्या सुतारकाकांकडे गेलो. त्यांनी दोन दस्ते घडवले. शिसव जड पडतं म्हणून सागवान घेतलं, तेही चांगलं वाळलेलं, कारण ओलं लाकूड पुढे आकसतं. मनगटाशी दस्ता बारीक असतो, तिथे लाकडाचा रेषा उभा, लांबीच्या दिशेने ठेवला, नाहीतर तो तिथेच तुटतो. माप सगळ्यात ठेंगणीचं धरलं आणि उंच बायकांसाठी मागे बसवायच्या लाकडी चकत्या केल्या. गाल टेकतो तिथे चामड्याची गादी लावली, म्हणजे डोळा आपोआप नेमाच्या रेषेत येतो. त्यानंतर त्याच चौघींचे छर्रे १० मीटरवरून चहाच्या बशीएवढ्या जागेत पडू लागले. जोर होता तेवढाच राहिला, बदललं ते लाकूड.

आता नियम, हे नीट ऐका. ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत जोराच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, पण घेताना ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. घेण्याआधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या. दस्ता बदला, पण स्प्रिंग बदलून जोर वाढवू नका. पाखरावर नेम धरणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. नळी कधीच माणसाकडे करायची नाही, रिकामी असली तरी. लक्ष्याच्या मागे चिंध्या ठासून भरलेली पेटी आणि तिच्यामागे मातीचा बांध हवा. दगडी भिंतीवरून छर्रा उलटतो. डोळ्यांना चष्मा हवा. नळी उघडी असताना चाप ओढायचा नाही, बोटं जातील. छर्रा न भरता ओढला तर दट्ट्या आपटून खराब होतो. हिसक्याने दस्त्याचे स्क्रू ढिले पडतात, ते दर वेळी आवळायचे. छर्रे शिशाचे असतात; तोंडात धरायचे नाहीत, आणि नेमबाजी झाली की साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. रायफल कुलपात, छर्रे वेगळे, आणि दोन्ही पोरांपासून लांब.

मैत्रिणींनो, आपल्या हातातली कितीतरी अवजारं दुसऱ्याच्याच मापाची असतात. फवारणीच्या पंपाचे पट्टे खांद्यावरून घसरतात, कोयत्याची मूठ बोटांत मावत नाही, आणि आपण म्हणतो, "मलाच जमत नाही." पुढच्या गटाच्या बैठकीला शिलाईची टेप घेऊन या. आपापल्या अवजाराची मूठ मोजा, आपला हात मोजा आणि सुतारकाकांना दाखवा. खर्च थोडा आहे.

आणि नेम धरायची हौस असेल, तर रविवारी आमच्या शेतात या. चकत्या आहेत, तुमच्या मापाचा दस्ता होईल.