खाते बंद, पण हक्क चालू
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मंडळाची वर्गणी पाच रुपयांनी वाढवायची म्हटले, की या सभागृहात तासभर वाद होतो. तो व्हायलाच हवा, कारण हिशेब विचारणे हा सभासदाचा हक्क आहे. पण आपल्या मुलांनी अमेरिकेत साठवलेल्या पैशातून किती फी कापली गेली, हे आपल्यापैकी कितीजणांनी विचारले? आम्हीही विचारले नव्हते.

आमच्या थोरल्याने तिकडे नऊ वर्षे नोकरी केली. बडोद्याला परतताना त्याने आपले ४०१ (के) खाते बंद केले आणि पत्ता आमचा दिला. हे खाते साधारण आपल्या प्रॉव्हिडंट फंडासारखे असते. पगारातून रक्कम कापली जाते, बहुधा मालकही भर घालतो. मात्र ठरावीक व्याज नसते. पैसे बहुतेक म्युच्युअल फंडांत जातात, आणि फी त्यातूनच वजा होते.

पुढे एक जाड पाकीट आले. खाते तर केव्हाच मिटले, म्हणून जाहिरात समजून आम्ही ते रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवले. दिवाळीच्या साफसफाईत ते उघडले, तेव्हा भरपाईच्या अर्जाची मुदत संपून अकरा दिवस झाले होते. मुलगा काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

फी म्हणजे किरकोळ रक्कम, असे कोणी समजू नये. अमेरिकेच्या कामगार खात्यानेच एक उदाहरण दिले आहे. खात्यात २५,००० डॉलर आहेत, नवी भर नाही, वर्षाला ७ टक्के वाढ आणि मुदत ३५ वर्षे. फी अर्धा टक्का असेल तर शेवटी सुमारे २,२७,००० डॉलर होतात. फी दीड टक्का असेल तर १,६३,०००. एका टक्क्याने २८ टक्के पुंजी खाल्ली!

तिथे १९७४ सालचा कायदा आहे. निवृत्तीचा पैसा सांभाळणाऱ्याने तो सभासदांच्या हितासाठीच सांभाळला पाहिजे, असे तो सांगतो. एडिसन इंटरनॅशनल कंपनीच्या योजनेत तोच फंड स्वस्तात मिळत असताना महाग वर्गातला घेतला, म्हणून कर्मचारी २००७ साली न्यायालयात गेले. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले, की फंड एकदा निवडून भागत नाही, त्यावर सतत लक्ष ठेवणे हेही कर्तव्यच आहे. त्याच वर्षी लॉकहीड मार्टिनने अशाच दाव्यात ६ कोटी २० लाख डॉलरवर तडजोड केली.

एकट्याने असा दावा लावला तर वकिलाचाच खर्च डोईजड होईल. म्हणून काहीजण सर्वांच्या वतीने दावा लावतात. यालाच क्लास अ‍ॅक्शन म्हणतात. वकिलांची फी न्यायालयाच्या मंजुरीने त्याच रकमेतून जाते, आणि उरलेली सभासदांत वाटली जाते.

आता महत्त्वाचे. ज्यांचे खाते चालू आहे, त्यांच्या खात्यात वाटा बहुधा आपोआप जमा होतो. ज्यांनी खाते बंद केले, त्यांना पुष्कळदा अर्ज भरावा लागतो. ठरलेल्या वर्षांत खाते होते, एवढे पुरते. खातेदार हयात नसेल तर त्याच्या वारसालाही सहसा मागणी करता येते. पैसे थेट हातात घेतले तर साधारणपणे कर कापून मिळतात, दुसऱ्या निवृत्ती खात्यात वळवले तर त्या वेळी कापला जात नाही. चेक मुदतीत वटवला नाही तर तो रद्द होतो.

एक सावधगिरी. खऱ्या भरपाईसाठी आगाऊ पैसे भरावे लागत नाहीत. कोणी फोनवर "प्रोसेसिंग फी" मागितली, तर फोन ठेवून द्या. पाकिटातल्या नोटिशीत दाव्याचे नाव आणि न्यायालयाचा क्रमांक असतो. तो मुलांकडून पडताळून घ्या.

आमची विनंती एवढीच, की आज घरी गेल्यावर परदेशातून आलेली पाकिटे एकदा चाळा. मुलांना जुन्या कंपनीकडे आपला आताचा पत्ता कळवायला सांगा. रक्कम कदाचित थोडी असेल. पण ती कोणाची मेहेरबानी नव्हे, आपल्याच घामाची आहे. पाच रुपयांचा हिशेब मागणाऱ्यांनी तीही मागावी.