राजाचं चित्र आणि अंगावरचे दागिने

वेळापूरला अर्धनारीनटेश्वराचं यादवकालीन देऊळ आहे. देवळांतल्या दगडी मूर्ती पाहताना मुकुट, कुंडलं, हार यांवरून देवाची ओळख पटते. राजाच्या चित्राचंही तसंच. चेहरा अनोळखी असला, तरी डोक्यावरचा तुरा आणि मोत्यांचे सर त्याचा मान सांगतात. अशाच काही चित्रांविषयी आज बोलू. ती रंगली दख्खनमध्ये आणि जपली गेली हॉलंडात.

1602 साली डच व्यापाऱ्यांची कंपनी निघाली. कोकणात वेंगुर्ल्याला आणि पूर्व किनाऱ्यावर मच्छलीपट्टणला तिच्या वखारी होत्या. त्याच काळात गोवळकोंड्याचे चितारी मोगल, आदिलशाही, कुतुबशाही अशा राज्यकर्त्यांच्या चित्रांचे संच तयार करीत. परदेशी लोक ते हौसेनं विकत घेत. ॲमस्टरडॅमचे नगराध्यक्ष निकोलास विटसेन यांच्या संग्रहातही असा एक संच होता. 1686 पूर्वीच्या या संचात 49 चित्रं आहेत आणि त्यांत एक आहे शिवाजी महाराजांचं. आज तो ॲमस्टरडॅमच्या राईक्स म्युझियममध्ये आहे.

खुद्द हॉलंडात तेव्हा राजा नव्हता. तिथलं राज्य प्रजासत्ताक, आणि बडे व्यापारी चित्रासाठी बसत ते बहुधा काळ्या कपड्यांत. पण ऑरेंजच्या राजपुत्राची पत्नी आमालिया हिचं चित्र रेम्ब्रांटनं 1632 साली काढलं, त्यात गळ्यात मोती आहेत. चेहराही आपल्याकडच्या राजचित्रांसारखा एका बाजूनं दिसणारा! पुढे 1656 ते 1661 च्या सुमारास याच रेम्ब्रांटनं मोगल चित्रं समोर ठेवून वीसहून अधिक रेखाटनं केली. शहाजहान बादशहाही त्यांत आहे. मंदिल आणि त्यावरचा तुरा त्यानं बारकाईनं न्याहाळलेला दिसतो. म्हणजे आपल्याकडचा चितारी तिकडच्या थोर चित्रकाराचाही गुरू झाला म्हणायचा.

आता मुद्द्याची गोष्ट. एके काळी आपल्याकडे महाराजांचं म्हणून जे चित्र प्रचारात होतं, ते खरं म्हणजे इब्राहीमखान नावाच्या सरदाराचं होतं. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी ही चूक दाखवली आणि डच व्यापाऱ्यांच्या काळातलं महाराजांचं चित्र 1933 साली लोकांपुढे आणलं. लोकांनी इतकी वर्षं भक्तिभावानं हात जोडले, ते दुसऱ्याच्या चित्रापुढे!

मात्र दागिन्यांवरून एकदम निष्कर्ष काढू नये. या संचांतली चित्रं एकावरून दुसरं अशी नकलून होत. त्यामुळे माळेतले मोती मोजून खजिन्याचा हिशेब लागत नाही. मोत्यांची माळ म्हणजे ‘हा मानकरी’ अशी खूण, इतकंच धरावं.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात थोरांची चित्रं लावता, तेव्हा मुलांना चार प्रश्न विचारायला शिकवा: हे कुणी काढलं? केव्हा? कुठं सापडलं? आणि हे अमुक व्यक्तीचं, असं कशावरून? पुष्पहार घालण्यापूर्वी मुलानं एवढं विचारलं, तर त्याच्या आदरात काही उणं येत नाही. उलट तो आदर डोळस होतो.