विमानातली खिडकी आणि शेजारधर्म



विमानाचा विषय घेतला म्हणून हसू नका. आपल्या भागातली मुलेही आता परदेशी नोकरीला जातात, आणि लेकीसुनांच्या बाळंतपणाला आपल्यासारख्या बायांना जावेच लागते. लोणचे कसे बांधावे हे सगळ्या सांगतात, खिडकीच्या उजेडाबद्दल कोणी सांगत नाही.

रेल्वेचे बरे आहे. जालन्याहून देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला निघालो, की झोपायची वेळ रात्री 10 ते सकाळी 6 अशी ठरलेली. पूर्वी ती 9 पासून होती, 2017 साली बदलली. विमानात मात्र रात्र कशाला म्हणावी हेच कळत नाही. मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना विमान पश्चिमेला पळते, म्हणून रात्र लांबते. येताना सूर्य समोरून येतो. अंगाला मध्यरात्र वाटत असते आणि बाहेर लख्ख ऊन! एकीने झडप उघडली की चार रांगांच्या डोळ्यांवर उजेड. म्हणून जेवणे झाली की झडपा लावतात, दिवे मंद करतात. ते वाजवीच आहे.

चढताना-उतरताना मात्र झडप उघडायला सांगतात. बाहेर आग-धूर असला तर आतून दिसला पाहिजे. रात्री त्याच वेळी आतले दिवे कमी करतात, म्हणजे घाईने बाहेर पडावे लागले तर डोळे अंधाराला सरावलेले असतात. तेव्हा झोपेची सबब सांगू नये. बोइंग 787 विमानात तर झडपच नाही, बटण दाबले की काच काळसर होते.

गेल्या वर्षी सासूबाईंना घेऊन दिरांकडून परत येत होते. खिडकीशी त्या, मध्ये मी. उजाडले तशी त्यांनी झडप वर केली आणि सूर्याला हात जोडले. पलीकडच्या गृहस्थांनी, एक शब्द न बोलता, माझ्यावरून हात घालून झडप खाली ओढली. सासूबाई जोडलेल्या हातांनी तशाच बसल्या. मला फार लागले. झोप त्यांच्या हक्काची होती, पण तोंड होते ना! मी झडप चार बोटे वर केली, सासूबाईंकडे बोट दाखवले आणि 'दोन मिनिटे' अशी खूण केली. गृहस्थांनी मान हलवली. नमस्कार झाला, झडप बंद झाली.

इंग्रजी येत नाही म्हणून आपण गप्प बसतो, आणि मग आठ-दहा तास मनात कुढतो. खूण सर्वांना कळते. खिडकीशी बसणारीच्या हाती झडप असते हे खरे, पण उजेड सगळ्यांवर पडतो. दुसऱ्याने विचारावे, हात घालू नये. जपमाळ ओढायला उजेड लागत नाही. पोथी वाचायची तर डोक्यावरचा छोटा दिवा लावावा, तोही शेजारणीच्या तोंडावर येत नाही ना ते पाहून.

डोळ्यांवर बांधायची पट्टी विकत घेऊ नका. जुन्या सुती लुगड्याचा काळा तुकडा दुहेरी करून नाडी लावली की झाले. कोणाला जायचे असेल तर दुपारी माझ्याकडे या, मशीन रिकामेच असते.