माणशी एक ठिकाण : थंडीतली दोन दिवसांची सहल

 

मागच्या बैठकीत एकीनं विचारलं होतं, “ताई, बायका घराबाहेर पडायच्या म्हणजे एक तर लग्नाला, नाहीतर दवाखान्याला. नुसतं फिरायला कधी जायचं?” आज त्याच प्रश्नावर बोलायचं आहे. आम्ही या जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, शनिवार-रविवार धरून घरातली सगळी माणसं फिरून आलो. कसं जमवलं, किती खर्च आला, काय पाहिलं आणि काय मुद्दाम सोडलं, ते सांगते.

आमचं गाव आटपाडी तालुक्यात, माणदेशात. घरात सासूबाई, मी आणि मालक, दीर आणि जाऊबाई, दोघींची मिळून चार पोरं. दारात दोन म्हशी. शाळू हुरड्यात आला होता, काढणीला अजून वेळ होता. शेतकऱ्याच्या घराला थंडीत मोकळा वेळ मिळतो तो एवढाच. पुढं काढणी, मळणी, पोरांच्या परीक्षा आणि मग ऊन. म्हणून जायचं तर आत्ताच, असं ठरवलं.

पहिला प्रश्न पैशांचा. सहलीसाठी गटातून कर्ज काढायचं नाही, हे जावाजावांनी आधीच ठरवलं होतं. कर्ज म्हशीला, शिलाई मशीनला, पोरांच्या शिक्षणाला. फिरायला साठवलेलेच पैसे. वर्षभर आम्ही दोघींनी महिन्याला 500 रुपये वेगळ्या डब्यात टाकले. शिवणकामातून, अंड्यांतून, दुधाच्या हिशेबातून. त्याचे झाले 12,000. सासूबाईंनी आपल्या पेन्शनीतून 1,000 दिले. म्हणाल्या, “मी फुकट येणार न्हाई.” एकूण 13,000.

आता खर्च ऐका. गावातलीच जीप किलोमीटरला 16 रुपयांनी ठरवली. 440 किलोमीटर झाले, त्याचे 7,040. ड्रायव्हरचा दोन दिवसांचा भत्ता 800. कोल्हापुरात साध्या यात्री निवासात दोन खोल्या 1,800. जेवण आणि चहा 2,300. टोल, पार्किंग, प्रसाद, पेढे 1,060. डबा रिकामा झाला, पण उसनवारी एक रुपयाची नाही. जीप परवडत नसेल तर एसटी आहेच. 2023 च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे.

दुसरा प्रश्न म्हशींचा. हा प्रश्न सगळ्या घरांत येतो आणि बहुतेक वेळा बाईच मागं राहते. आमच्याकडं दीर म्हणाले, “या खेपेला मी राहतो.” त्यांनीच धारा काढल्या, डेअरीला दूध घातलं आणि स्वतःची भाकरीसुद्धा थापली. भाकरी कशी झाली ते कुणी विचारलं नाही. पुढच्या खेपेला ते जाणार आणि माझे मालक थांबणार.

तिसरा प्रश्न, बघायचं काय? पोरांनी अकरा ठिकाणं लिहिली. दोन दिवसांत अकरा ठिकाणं म्हणजे नुसतं गाडीत बसून राहणं. मग मी नियम काढला, माणशी एक ठिकाण. ज्यानं त्यानं आपलं सांगायचं आणि दुसऱ्याच्या ठिकाणाला नाक मुरडायचं नाही. माझ्या मुलीनं पन्हाळा सांगितला. जाऊबाईंनी अंबाबाई, मालकांनी नरसोबाची वाडी, मी खिद्रापूर. धाकट्या तिघांनी मिळून रंकाळ्यावरची भेळ सांगितली. सासूबाई शेवटपर्यंत बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मला टेंभू दावा.”

टेंभू म्हटलं की शाळेतल्या पोरांना आगरकर आठवतात. गोपाळ गणेश आगरकर 1856 साली तिथंच जन्मले. बायकांच्या शिक्षणासाठी ज्यांनी लेखणी झिजवली, त्यांचं गाव. पण सासूबाईंना आगरकर बघायचे नव्हते, पाणी बघायचं होतं. कराडच्या खाली टेंभूला कृष्णा अडवलेली आहे. तिथून ते पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवून आमच्या दुष्काळी भागात आणतात.

सासूबाई 1972 च्या दुष्काळात नव्या नवरी होत्या. अंगावरची हळद उतरली नव्हती तोवर खडी फोडायला गेल्या, सुकडी खाऊन दिवस काढले. पुढं 1993 पासून नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं आटपाडीला पाणी परिषदा भरायला लागल्या, तेव्हा त्या फडक्यात भाकरी बांधून जायच्या. “कृष्णेचं पाणी येणार” हे वाक्य त्यांनी जन्मभर ऐकलं. आता पाणी आलंय. पण ते येतं कुठून, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

पहाटे साडेचारला निघालो. आदल्या संध्याकाळीच दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कोरडं पिठलं सगळ्यांनी मिळून केलं. पोरांनी लसूण सोलला, मालकांनी पिशव्या भरल्या. रात्री दोनला उठून बाईनं एकटीनं चूल पेटवायची आणि दिवसभर गाडीत पेंगायचं, हे यावेळी नाही, असं मी स्पष्ट सांगितलं होतं. घरचं जेवण पहिल्या दुपारपुरतंच. पुढं विकत.

सासूबाईंना पुढं ड्रायव्हरशेजारी बसवलं, कानाला रुमाल, पायात मोजे. ज्यांना गाडी लागते त्यांनी पोट अगदी रिकामं ठेवू नये आणि ठेच्चून भरूही नये. लिंबू किंवा आवळा सुपारी जवळ ठेवावी, खिडकी थोडी उघडी ठेवावी.

विट्यावरून पुढं निघून सात वाजायच्या सुमाराला टेंभूला पोचलो. नदीवर धुकं होतं. थोडं ऊन आलं तसं पाणी दिसायला लागलं. सासूबाई काठीच्या आधारानं काठापर्यंत गेल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग खाली बसून ओंजळ भरली, डोळ्यांना लावली आणि म्हणाल्या, “ही व्हय ती. आमच्याकडं यीपतूर केसं पांढरी झाली.” पुन्हा मागं वळून लांबवर बघितलं आणि विचारलं, “एवढ्या खालनं आपल्याकडं चढवत्यात? मग लाईट किती जळत आसंल?”

मैत्रिणींनो, हा प्रश्न आमच्यातल्या एकालाही सुचला नव्हता. आमच्या शेतात येणारा प्रत्येक पाट डोंगर चढून येतो आणि त्या चढाला वीज लागते, पैसा लागतो. परत आल्यापासून आमच्या घरात नळ उघडा टाकायची कुणाची टाप नाही. सासूबाई काठी आपटतात.

कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन भेटतात, त्या प्रीतिसंगमावर दशम्या खाल्ल्या. तिथंच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. मग महामार्गानं कोल्हापूर सोडून थेट पन्हाळा.

वाटेत आमची अडचण झाली ती बायकांची नेहमीची. एका पेट्रोल पंपावर स्वच्छतागृहाला कुलूप होतं. “किल्ली नाही” म्हणाले. जाऊबाई हटल्या नाहीत. पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि टायरला हवा या सोयी मोफत द्याव्या लागतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी शांतपणे तक्रार वही मागितली आणि किल्ली सापडली. लाजून पाणी न पिता प्रवास करू नका. त्यानं लघवीची जळजळ होते आणि दुखणं घरी घेऊन यावं लागतं. मागा, हक्कानं मागा.

पन्हाळ्यावर लेक आमची वाटाड्या झाली. 1660 मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज इथूनच पावसाळ्या रात्री निसटले. शिवा काशीद आणि बाजीप्रभूंनी जीव दिला, ती गोष्ट पोरांना पाठ होती. मला मात्र अंबरखाना फार आवडला. गंगा, यमुना, सरस्वती अशा नद्यांच्या नावांची तीन धान्यकोठारं. एकट्या गंगा कोठीत 25,000 खंडी धान्य मावायचं म्हणतात. आपण कणगी लिंपतो, ही किल्ल्याची कणगी! नदीचं नाव धान्याला दिलं, कारण पाणी आणि धान्य एकच.

तिथं ताराराणींचा वाडाही आहे. 1700 साली राजाराम महाराज गेले तेव्हा ताराबाई जेमतेम पंचविशीच्या. पदरात लहान पोर, समोर औरंगजेब. तरी सात वर्षं त्यांनी राज्य लढतं ठेवलं, औरंगजेब मेला पण मराठे हटले नाहीत. त्यांच्या वाड्यात आता शाळा भरते. लेकीनं विचारलं, “आई, पुस्तकात त्यांच्यावर इतकं थोडंच का?” मी म्हटलं, मोठी झालीस की तू लिही. 2025 मध्ये पन्हाळ्याचं नाव जागतिक वारशाच्या यादीत लागलं, तेही तिनंच सांगितलं.

पायऱ्या बघून सासूबाई एका झाडाखाली सावलीत बसल्या आणि आम्ही पाळीपाळीनं त्यांच्याजवळ थांबलो. म्हाताऱ्या माणसाला “तुम्ही इथंच बसा” म्हणून एकटं सोडायचं नाही. जोतिबाचा डोंगर तिथून जवळच होता आणि ड्रायव्हर म्हणत होता, “जाता जाता होईल.” आम्ही डोंगराकडं बघून हात जोडले आणि सोडून दिलं. संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ झाली आणि नऊला सगळे झोपले.

रविवारी पहाटेच अंबाबाईचं दर्शन घेतलं, रांग लहान होती. जानेवारीच्या अखेरीला मावळतीची किरणं देवीच्या अंगावर येतात, तो किरणोत्सव. तेव्हा गर्दी फार, म्हणून आम्ही त्याआधीच गेलो. मग नरसोबाची वाडी. कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्ताच्या पादुका. पावसाळ्यात पूर आला की नदी देवळात शिरून दक्षिण दारातून बाहेर पडते. काल टेंभूला पाहिलेली तीच कृष्णा इथं भरून वाहत होती. सासूबाईंनी तिला ओळखीच्या बाईसारखा नमस्कार केला. पेढे घेतले, कवठाची बर्फी दिरांसाठी बांधून घेतली.

शेवटी माझं खिद्रापूर. कृष्णाकाठचं कोपेश्वराचं जुनं दगडी मंदिर, शिलाहारांच्या काळातलं. पुढच्या स्वर्गमंडपाला मधोमध छतच नाही. गोल उघडं आभाळ आणि भोवती कोरलेले खांब. तिथं नंदी नाही. सांगतात ते असं, सती माहेरी यज्ञाला निघाली तेव्हा शंकरानं तिला नंदीवर बसवून पाठवलं. माहेरी तिचा अपमान झाला, तिनं देह टाकला आणि शंकराला कोप आला तो इथला कोपेश्वर. त्याची समजूत काढायला विष्णू आले ते शेजारी धोपेश्वर. जाऊबाई ऐकून म्हणाल्या, “लेकीचा अपमान बापाच्या घरी झाला तरी जावई एवढा चिडला, म्हणजे बाईला माहेर-सासर दोन्हीकडं मान पाहिजेच.” त्या गोल आभाळाखाली आम्ही दोघी जावा शेजारी बसलो. मागून कुणी हाक मारत नव्हतं, चहा मागत नव्हतं. लग्नाला अठरा वर्षं झाली, असं नुसतं बसणं पहिलंच.

तीनच्या आत निघायचं ठरलं होतं आणि निघालोच. कारण थंडी म्हणजे उसाचा हंगाम. सांगलीपासून पुढं रस्ताभर ट्रॅक्टर-ट्रॉल्या. विटा सोडल्यावर अंधार पडला आणि एका वळणावर उसानं भरलेली ट्रॉली चाक निखळून उभी. मागं दिवा नाही, रेडियमची पट्टी नाही. आमची गाडी सावकाश होती म्हणून वेळेत थांबली. मालकांनी आणि ड्रायव्हरनं मागं लांबवर दगड आणि फांद्या लावल्या, आमची बॅटरी त्या ट्रॅक्टरवाल्याला दिली. ते नवरा-बायको ऊसतोडीला आलेले, पोर उसाच्या मोळ्यांवर झोपलेलं. त्यांचाही जीव तेवढाच टांगणीला होता.

घरी आल्यावर गटात हे बोललो. संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. यंदा आमच्या गटानं प्लास्टिकचे डबे वाण म्हणून दिले नाहीत. रेडियमच्या पट्ट्या दिल्या. ज्या त्या बाईनं आपल्या घरच्या ट्रॉलीला, बैलगाडीला, सायकलीला लावायच्या. तुमच्याही गटात हे करता येईल, खर्च फार नाही.

तर मैत्रिणींनो, लिहून घ्या. वर्षभर डबा भरा, कर्ज काढू नका. माणशी एक ठिकाण. स्वयंपाक सगळ्यांनी मिळून, तोही एकाच जेवणाचा. मागं कोण राहणार याची पाळी लावा, ती दर वेळी बाईचीच नको. अंधारात प्रवास होता होईल तो टाळा. रुग्णवाहिकेला 108, राष्ट्रीय महामार्गावर मदतीला 1033 आणि कुठल्याही संकटात 112, हे तीन नंबर पोरांकडून पाठ करून घ्या. आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला आधी विचारा, “तुम्हाला काय बघायचंय?” ती पटकन बोलणार नाही. थांबा. पुन्हा विचारा.

आमच्या डब्यात पुढच्या वर्षाचे पहिले 500 पडलेत. नमस्कार.