हिवाळ्याची बेगमी : जर्मनीच्या घरातला स्वयंपाक



आज जर्मनीच्या स्वयंपाकघरात डोकवायचं आहे. तुम्ही म्हणाल, एवढ्या लांबच्या चुलीशी आपलं काय काम? काम आहे. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला. नर्सिंग शिकलेल्या मुली आणि आयटीआय झालेली मुलं आता जर्मन भाषेचे वर्ग लावतायत. त्यांच्या आयांना पहिला प्रश्न पडतो, तिथं पोरं खाणार काय? म्हणून हा विषय.

आधी तिथला दिवस कसा असतो ते बघू. सकाळी पाव, लोणी, मुरंबा, चीज आणि उकडलेलं अंडं. दुपारी गरम जेवण, त्यात बटाटा बहुतेक असतोच. रविवारी तीन-चारच्या सुमाराला कॉफी आणि घरचा केक, तोही पाहुण्यांबरोबर. रात्रीच्या जेवणाला ते 'आबेंडब्रोट' म्हणतात, म्हणजे संध्याकाळचा पाव. पावाचे काप, चीज, मांसाचे थंड काप आणि आंबवलेली काकडी टेबलावर मांडायची, ज्याचं त्याने घ्यायचं. जुन्या रीतीप्रमाणे संध्याकाळी चूल पेटत नाही. आता नोकरीमुळे बरीच घरं रात्री गरम जेवतात, पण आबेंडब्रोट टिकून आहे. दिवसभर राबलेल्या बाईला संध्याकाळी फोडणी घालावी लागत नाही, हे ऐकून तुमच्यापैकी कितीजणी हसल्या असतील, मला ठाऊक आहे!

आणखी एक गोष्ट मुलींना आधीच सांगून ठेवा. तिथं कोबीच्या भाजीत किंवा मसुराच्या आमटीतसुद्धा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे घालतात. जिला चालत नाही तिने विचारूनच ताट घ्यावं. विचारण्यात तिथं कुणाला राग येत नाही.

आता मुख्य गोष्ट. आपण उन्हाळ्यात कुरडया, पापड, सांडगे करून पावसाळ्याची बेगमी करतो. जर्मनीत बेगमी हिवाळ्याची. थंडीत जमीन गोठते, कित्येक महिने शेतात ताजी भाजी नाही. म्हणून शरद ऋतूत कोबी निघाला की त्याचं 'झावरक्राउट' घालायचं, म्हणजे आंबट कोबी. यात व्हिनेगर नाही, तेल नाही. फक्त कोबी आणि मीठ.

कृती लिहून घ्या. एक किलो कोबी अगदी बारीक चिरा. त्यात वीस ग्रॅम मीठ घालून पाणी सुटेपर्यंत हाताने चांगलं रगडा. स्वच्छ चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत दाबून भरा. वर एखादं पान आणि त्यावर धुतलेलं वजन ठेवा. कोबी आपल्याच पाण्यात पूर्ण बुडालेला राहिला पाहिजे, सगळी मेख इथंच आहे. बुडालेल्या कोबीला हवा लागत नाही, मग दह्यात असतात तसले जिवाणू वाढतात, आंबटपणा येतो आणि सडवणारे जंतू टिकत नाहीत. झाकण घट्ट लावू नका, आतला वायू बाहेर पडू द्या. तिकडच्या थंडीत याला चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडे ते लवकर आंबतं, म्हणून थंडीच्या दिवसांतच करा आणि आठवड्याने चव बघा. बुरशी आली, बुळबुळीत झालं किंवा घाण वास आला तर सरळ टाकून द्या. बीपी असलेल्यांनी मिठामुळे बेतानेच खावं.

दुसरी बेगमी बरणीची. १९०० साली योहान वेक नावाच्या माणसाने बाडेनमधल्या एका गावात काचेच्या बरण्यांची कंपनी काढली. बरणी, काचेचं झाकण, मध्ये रबराची चकती आणि वरून चाप. भरलेली बरणी पाण्यात तापवायची. थंड होताना आत पोकळी तयार होते आणि झाकण आपोआप चिकटून बसतं. थंड झाल्यावर चाप काढायचा. झाकण हलत नसेल तर माल चांगला. घरोघरी हे इतकं रुजलं, की फळं टिकवायला जर्मन भाषेत 'आइनवेकन' हे क्रियापदच तयार झालं. मात्र ही पद्धत आंबट फळांना बरी. शेंगा, मटार, मांस यांना नुसतं पाण्यात उकळणं पुरत नाही, त्यातून जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. हे गटातल्या प्रत्येकीने ध्यानात ठेवावं.

शिळं अन्न टाकायचं नाही, ही रीत तिथंही आहे. शिळ्या पावाचे तुकडे दुधात भिजवून, अंडं घालून त्याचे गोळे पाण्यात शिजवतात. शिळे काप दूध-अंड्यात बुडवून तळतात, त्याला नाव आहे 'गरीब सरदार'. आपली फोडणीची भाकरी तशीच.

ही काटकसर कुठून आली, तेही ऐका. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने जर्मनीची समुद्राकडून कोंडी केली होती. १९१६ साली बटाट्याचं पीक बुडालं. त्या हिवाळ्यात लोकांनी गुरांना घालायचा सलगमासारखा कंद खाल्ला. त्याचीच भाजी, त्याचाच मुरंबा, पावातही तोच. त्या हिवाळ्याला आजही त्या कंदाचंच नाव आहे. युद्धाच्या वर्षांत भुकेने आणि त्यातून आलेल्या आजारांनी लाखो माणसं गेली. पिठासाठी रांगेत उभ्या होत्या त्या बायाच. बेगमी हा हौसेचा विषय नव्हता, हे त्यावरून कळतं.

शेवटची गोष्ट आपल्या बचत गटांसाठी. १८९८ साली पूर्व प्रशियातल्या रास्टेनबुर्ग इथं एलिझाबेट बोएम या जमीनदार घरातल्या बाईने ग्रामीण गृहिणींची संघटना काढली. ते गाव आज पोलंडमध्ये आहे. तिचं म्हणणं सरळ होतं, घर आणि शेत सांभाळणं हा व्यवसाय आहे, त्याला शिक्षण हवं आणि मोल हवं. या बायांनी अंडी, लोणी, भाजी एकत्र केली आणि शहरात स्वतःची विक्री केंद्रं उघडली. मधला व्यापारी गेला, पैसा बाईच्या हातात आला. हिटलरच्या राज्यात अशा संघटना सरकारने गिळल्या. युद्धानंतर, १९४८ साली, बायांनी देशपातळीवर नवी संघटना उभी केली. ती आजही गावोगावी काम करते.

तेव्हा पुढच्या मासिक बैठकीत एक हिशेब मांडा. गेल्या उन्हाळ्यात प्रत्येकीने किती किलो पापड, कुरडया, लोणचं केलं, आणि त्यासाठी किती दिवस राबलो? बाजारभावाने त्याचे पैसे किती झाले असते? आकडा वहीत लिहा आणि घरच्यांना वाचून दाखवा. ही बेगमी फुकट होत नाही, हे घरात एकदा तरी मोठ्याने बोललं गेलं पाहिजे.