दोन नायक, एक नाटक



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला 'संघटना' हा विषय दिला होता. तो मी थोडा वळवून घेतला आहे. आमच्या युनियनच्या कचेरीत पोरांचा परवा वाद चालला होता : बास्केटबॉलचे दोन अव्वल खेळाडू एकाच संघात घातले तर संघ दुप्पट बळकट होतो, की निम्मा? मी काही तो खेळ खेळलेला माणूस नव्हे. माझे शिक्षण पोत्यांच्या थप्पीवर बसून झाले. पण प्रश्न माझ्या धंद्याचा निघाला, म्हणून वाचत गेलो.

त्या खेळात बाजूला पाच गडी आणि चेंडू एक. चेंडू हाती आला की 24 सेकंदांच्या आत टोपलीकडे टाकलाच पाहिजे. म्हणजे एकाच्या हातात तो जितका वेळ, तितका वेळ दुसऱ्याचे हात रिकामे. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघात शकील ओनील आणि कोबी ब्रायंट असे दोघे होते. ओनील म्हणजे सात फुटांच्या वर उंचीचा पहाड, तो टोपलीखाली उभा राहणार. कोबी चपळ, तो बाहेरून शिरणार. दोघांची कामे निराळी. 2000, 2001 आणि 2002 अशी तीन वर्षे ओळीने अजिंक्यपद त्यांनी आणले. आणि 2004 मध्ये अंतिम सामना हरल्यावर ओनील मायामीला निघून गेला. जिंकत असतानाच त्यांचे भांडण चालू होते, ही गोष्ट ध्यानात घ्या. कामे निराळी असली म्हणजे जिंकता येते. नांदता येतेच असे नाही.

आपल्याकडे याच्यापेक्षा मोठा प्रयोग 8 जुलै 1921 रोजी मुंबईस बालीवाला थिएटरात झाला. बालगंधर्व आणि केशवराव भोसले! एक गंधर्व नाटक मंडळीचे, दुसरे ललितकलादर्शचे धनी. दोघांचे चाहते इतके कडवे की एकाची स्तुती केली की दुसऱ्याची निंदा झालीच म्हणून समजा. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन्ही मंडळ्यांनी मिळून खाडिलकरांचे 'मानापमान' केले. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी.

आता हे नाटकच का, याचा विचार करा. भामिनी श्रीमंताची गर्विष्ठ मुलगी, धैर्यधर गरीब शूर सेनापती. ती त्याचा अपमान करते, तो मान राखायला उभा राहतो, आणि पुढे तीच वेष पालटून त्याच्याजवळ येते. म्हणजे दोघांमधली चुरस हीच नाटकाची कथा! प्रेक्षक ज्या ईर्षेने तिकीट काढून आले होते, ती ईर्षा रंगभूमीवर आयती कामाला लागली. शिवाय आवाजांची जात वेगळी. केशवरावांची तान तेजस्वी, चढी. बालगंधर्वांचे गाणे मऊ, शब्दाला गोंजारणारे. केशवरावांनीही पूर्वी स्त्रीभूमिका गाजवल्या होत्या. दोघांनाही भामिनीच व्हायचे असते तर पडदाच वर गेला नसता. शंकरपटात दोन नंबरी बैल एका जुवाखाली जुंपणारा धनी आधी पाहतो की कोणता डावीकडे चालतो आणि कोणता उजवीकडे. दोन्ही एकाच अंगाचे असतील तर गाडा आडवा होतो.

प्रयोग अपूर्व रंगला. त्यानंतर 'संयुक्त सौभद्र'ही झाले. मग लोक विचारतात, ह्या दोघांनी एकच कंपनी का काढली नाही?

येथे मी नाटकवाल्यांची बाजू सोडून हमालांची घेतो. आमच्याकडे एका टोळीत दोन जबरदस्त गडी होते. शंभर किलोचे पोते दोघेही सारख्याच लीलेने उचलत. एक खालून पोते द्यायचा, दुसरा वर थप्पी लावायचा. हिशेब टोळीवर, मजुरी सारखी वाटलेली. तीन हंगाम कुरबूर नाही. एका दिवाळीला एका व्यापाऱ्याने थप्पीवरच्या गड्याला बोलावून नवे धोतर आणि वर बक्षिसी दिली. खालच्याला काही नाही. थप्पी वर दिसते ना! शिमग्यापर्यंत टोळीच्या दोन टोळ्या झाल्या, आणि पुढच्या हंगामात त्याच व्यापाऱ्याने दोघींना एकमेकींवर घालून दर पाडला. तो भोळेपणाने धोतर देत होता असे मला आजही वाटत नाही.

तेव्हा भांडण कामावरून क्वचित होते. ते वहीवरून होते, आणि टाळ्यांवरून. 1913 साली गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हा बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस असे तिघे भागीदार होते. एक गाणारा, एक चाली देणारा, एक गद्याचा बादशहा. कामांची याहून चांगली वाटणी कोण करील? तरी टेंबे गेले, बोडस गेले, आणि मंडळी पुढे कर्जात बुडाली. 'संयुक्त मानापमाना'च्या रात्री मात्र पैसा दोघांचाही नव्हता, फंडाचा होता. वहीच नाही, तर वहीवरून भांडण कसले?

अर्थात फंडासाठी कोणी रोज नाटक करीत नाही. रोज एकत्र राहायचे तर कोणीतरी एक पाऊल मागे घ्यावे लागते, आणि ते धाकट्याला सांगून होत नाही. मायामीलाच 2010 मध्ये लेब्रॉन जेम्स आला. तेथे आधीपासून ड्वेन वेड होता, 2006 चे अजिंक्यपद नावावर असलेला, गावचा लाडका. पहिल्या वर्षी दोघे एकमेकांच्या पायांत आले आणि 2011 चा अंतिम सामना हरले. मग वेडने जेम्सला पुढे होऊ दिले; 2012 आणि 2013 दोन्ही त्यांचे. ज्याचे घर होते त्याने जागा दिली म्हणून हे झाले. पाहुण्याने जागा मागितली असती तर दुसरे लेकर्स झाले असते.

केशवराव आणि बालगंधर्व यांच्यात पाऊल कोणी मागे घेतले असते? माझ्या मते कोणीच नाही. एक वयाने दोन वर्षांनी थोर, दुसऱ्याने स्वतःच्या हिमतीवर कंपनी उभी केलेली. दोघांच्याही मागे शेकडो पोटे. धनी मागे सरला तर त्याच्या साथीदारांनी, रंगवाल्यांनी, आचाऱ्यांनी कोणाच्या वहीत नाव लावायचे? विलीनीकरणाच्या गप्पा मारणारे पुढारी ह्या माणसांना कधी विचारीत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

परीक्षा व्हायचीच राहिली. 4 ऑक्टोबर 1921 रोजी केशवराव वारले. वय अवघे 31. ललितकलादर्श बापूराव पेंढारकरांनी पुढे चालवली. मला त्या काळी मत असते तर दोन कंपन्या दोनच ठेवा, आणि वर्षातून चार रात्री एकत्र उभ्या राहा, असे मी दिले असते.